फाईल द्या, प्लीज!

डॉक्टरांना प्रश्न विचारणं म्हणजे त्यांच्यावर अविश्वास दाखवणं नव्हे. आणि स्वतःच्या आजारपणाचे कागद मागणं म्हणजे भांडण उकरून काढणं तर मुळीच नव्हे!

आपली पिढी तशी भलतीच चौकस. मोबाइल घ्यायचा तर दहा रिव्ह्यू वाचणार. गोव्याचं हॉटेल बुक करताना बाथरूमचे फोटोसुद्धा झूम करून बघणार. अप्रेझलमध्ये अर्धा टक्का कमी पडला तर एचआरला चार पानी मेल ठोकणार. पण समोर पांढरा कोट आला, की हीच पिढी हाताची घडी तोंडावर बोट! 'डॉक्टर, ही गोळी कशासाठी?' एवढं विचारायलाही जीभ रेटत नाही. न जाणो, त्यांना राग आला तर? शेवटी आपला माणूस त्यांच्या हातात असतो ना!

ही भीती किती खोल असते ते मला कळलं बाबांच्या पित्ताशयामुळे.

आमचे बाबा एसटीतून वाहतूक निरीक्षक म्हणून रिटायर झाले. उभी हयात मार्ग तपासणीत गेली. भर रस्त्यात गाडी थांबवायची, चढायचं, तिकिटं मोजायची आणि कंडक्टरचं वेबिल तपासायचं. आकडा जुळला की 'चला' म्हणायचं. त्यामुळे घरातलं वाण्याचं बिलसुद्धा ते पेन्सिलने टिक मारत तपासतात. असा हा माणूस डॉक्टरांपुढे मात्र एकदम गाय. 'त्यांना कळतं, आपल्याला काय कळतं!' हा त्यांचा आयुष्यभराचा फंडा.

गेल्या वर्षी त्यांच्या पित्ताशयात खडे निघाले. दुर्बिणीतून ऑपरेशन करायचं ठरलं. पुण्यातलं बऱ्यापैकी नाव असलेलं खासगी हॉस्पिटल. सोमवारी अ‍ॅडमिट, मंगळवारी ऑपरेशन, गुरुवारी घरी. एकदम सिंपल, असं सांगण्यात आलं. मी तर लॅपटॉप घेऊनच गेले होते. तिथूनच लॉगिन करायचं आणि गुरुवारी बाबांना घेऊन घरी यायचं, असा प्लॅन!

बुधवारी रात्री त्यांच्या पोटात दुखायला लागलं. अंगात ताप. 'गॅस आहे, ऑपरेशननंतर होतं असं.' गुरुवारी पोट फुगलं. 'चालायला लावा, गॅस सुटेल.' शुक्रवारीही तेच. शनिवारी आई म्हणाली, 'अगं, यांचे डोळे बघ गं पिवळे दिसतायत.' रविवारी सोनोग्राफी झाली आणि पोटात पाणी साठल्याचं दिसलं. पाणी कसलं, ते पित्त होतं. पित्तनलिकेला इजा झाली होती आणि चार दिवस पित्त पोटात झिरपत होतं. त्याच रात्री आम्ही त्यांना दुसऱ्या हॉस्पिटलमध्ये हलवलं. तिथे पोटात नळी घालून दीड लिटर पित्त काढलं, तोंडातून दुर्बीण घालून पित्तनलिकेत स्टेंट बसवला. एकवीस दिवस मुक्काम. नऊ किलो वजन कमी. ऑफिसच्या मेडिक्लेमचं लिमिट तेराव्या दिवशीच संपलं.

बाबा वाचले. म्हणजे इथे गोष्ट संपायला हवी होती. नातेवाइकांचंही तेच म्हणणं होतं. 'सुटलो म्हणायचं आणि गप्प बसायचं,' मामा म्हणाला. 'डॉक्टर लोकांशी वैर नको. उद्या परत गरज लागली तर?'

पण माझ्या डोक्यात एकच प्रश्न घर करून बसला होता. बुधवार ते रविवार या दिवसांत नेमकं काय झालं?

'वकील केलाय का?'

या प्रश्नाचं उत्तर एकाच ठिकाणी होतं. पहिल्या हॉस्पिटलच्या केस पेपरमध्ये. आम्हाला मिळालं होतं ते फक्त डिस्चार्ज समरी नावाचं दीड पान. त्यात 'पेशंट स्टेबल, नातेवाइकांच्या विनंतीवरून रेफर' एवढंच! मी पूर्ण फाईल मागायला गेले. काउंटरवरची मुलगी म्हणाली, 'तशी देत नाही आम्ही.' दुसऱ्या दिवशी, 'सरांची सही लागेल, सर कॉन्फरन्सला गेलेत.' तिसऱ्या दिवशी एक साहेब बाहेर आले आणि माझ्याकडे रोखून बघत म्हणाले, 'कशासाठी हवीय? वकील केलाय का?'

घरी येऊन मी नियम शोधायला बसले. आणि बॉस, नियम अगदी स्पष्ट आहे! डॉक्टरांच्या व्यावसायिक वर्तणुकीचे भारतीय वैद्यक परिषदेचे नियम २००२ साली आले. २०२३ साली त्यांच्या जागी नवे नियम आले खरे, पण त्याच वर्षी ते स्थगित झाले. त्यामुळे आजही २००२ चेच नियम लागू आहेत. अ‍ॅडमिट असलेल्या पेशंटचं रेकॉर्ड तीन वर्षं जपून ठेवायचं आणि पेशंटने किंवा त्याने अधिकार दिलेल्या माणसाने मागितलं तर ७२ तासांत द्यायचं, असं त्यात म्हटलंय. कारण सांगायची अट नाही. त्याच्याही आधी, १९९६ साली, मुंबई उच्च न्यायालयाने ठणकावून सांगितलंय, की गोपनीयतेच्या नावाखाली पेशंटला त्याचेच कागद नाकारता येणार नाहीत. गोपनीयता पेशंटच्या भल्यासाठी असते, पेशंटपासून लपवण्यासाठी नव्हे. झेरॉक्सचे पैसे तेवढे आपण द्यायचे.

मी बाबांच्या नावाने अर्ज टाइप केला. २००२ चे नियम, ७२ तास, सगळं त्यात लिहिलं. बाबांनी सही केली आणि एसटीच्या जुन्या सवयीने बजावलं, 'दोन प्रती ने. एकीवर पोच घे. शिक्का आणि तारीख बघून घे.' तोपर्यंत या प्रकरणात त्यांनी काढलेलं हे पहिलं वाक्य! शिक्का मारताना काउंटरवरच्या मुलीचा चेहराच बदलला. चौथ्या दिवशी फोन आला. फाईल तयार आहे, १८४ पानं.

नर्सच्या अक्षरात

१८४ पानं वाचायची म्हणजे आधी धास्तीच वाटते. अर्धी पानं औषधांची, अर्धी बिलांची. पण केस पेपरचं एक गणित असतं. त्यात डॉक्टरांच्या नोंदी वेगळ्या असतात, नर्सच्या वेगळ्या. ताप, नाडी, बीपीचा तक्ता असतो. ऑपरेशनची नोंद असते, भूलतज्ज्ञांचा कागद असतो आणि संमतिपत्र असतं.

संमतिपत्र बघून मी हबकले. इंग्रजीत छापील फॉर्म. खाली बाबांची मराठीतली सही. धोक्यांच्या रकान्यात एक छापील ओळ, तीही सगळ्याच ऑपरेशनना चालेल अशी. या एका कागदावरून सर्वोच्च न्यायालयाने २००८ साली मोठा निकाल दिलाय. दिल्लीतली एक महिला दुर्बिणीने फक्त तपासणी करून घ्यायला गेली होती. ती भुलीत असताना तिच्या आईची संमती घेऊन तिचं गर्भाशय आणि बीजाशय काढण्यात आले. न्यायालय म्हणालं, तपासणीला दिलेली संमती ही ऑपरेशनला दिलेली संमती नव्हे. शुद्धीवर येऊन स्वतः ठरवू शकणाऱ्या सज्ञान माणसासाठी दुसऱ्या कुणी होकार द्यायचा नाही, जिवावर बेतलेलं असेल तर गोष्ट वेगळी. उपचार काय, धोके काय, दुसरे पर्याय कोणते, उपचार घेतलेच नाहीत तर काय होईल, हे पेशंटला समजेल असं सांगून घेतलेली संमतीच खरी संमती. म्हणजे फॉर्म मराठीत मागणं हा नखरा नाही!

पण खरा धक्का पुढे होता. नर्सच्या नोंदींमध्ये. बुधवार, रात्री ११.४०: पोटात तीव्र वेदना, ताप १०१. 'सर इन्फॉर्म्ड.' गुरुवार, पहाटे ४.१५: वेदना कायम, पोट फुगलेलं. 'सर इन्फॉर्म्ड. नो न्यू ऑर्डर्स.' शुक्रवारी तेच. शनिवारी तेच. आणि डॉक्टरांच्या नोंदींच्या पानावर त्याच तीन दिवसांत तीन वेळा एकच शब्द. 'स्टेबल.'

बाबांनी ती दोन पानं शेजारी शेजारी ठेवली, चष्मा लावला आणि पेन्सिल घेतली. इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच मला त्यांच्यात तो जुना तपासनीस दिसला. बराच वेळाने म्हणाले, 'अगं, तिकिटं एवढी फाटलीयेत आणि वेबिलावर काहीच नाही.'

चूक, अपघात आणि हलगर्जी

माझी शाळेपासूनची मैत्रीण सर्जन आहे. मी फाईल घेऊन तिच्याकडे गेले. खरं सांगायचं तर मला तिच्याकडून 'लूट चाललीय नुसती' असं काहीतरी ऐकायचं होतं. तिने तसं काहीच म्हटलं नाही. म्हणाली, 'हे बघ, या ऑपरेशनमध्ये पित्तनलिकेला इजा होऊ शकते. चांगल्या सर्जनच्या हातूनही होते. सूज असली की आतलं काही स्पष्ट दिसत नाही. नुसती इजा झाली म्हणजे हलगर्जी झाली असं नाही. इजा झाली हा एक प्रश्न. पेशंट तक्रार करत असताना ती ओळखायला चार दिवस का लागले, हा दुसरा. तुझा प्रश्न दुसरा आहे.'

कायदाही साधारण हेच म्हणतो. २००५ साली जेकब मॅथ्यू खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की उपचार फसला किंवा निर्णय चुकला म्हणून डॉक्टर लगेच दोषी ठरत नाही. त्या क्षेत्रातल्या सर्वसाधारण कुशल डॉक्टरने जी काळजी घेतली असती ती घेतली का, ही कसोटी. फौजदारी गुन्ह्यासाठी तर निष्काळजीपणा फारच ढळढळीत असावा लागतो, आणि दुसऱ्या डॉक्टरचं विश्वासार्ह मत असल्याशिवाय खासगी तक्रारीवर गुन्हा चालवू नये, असंही न्यायालयाने म्हटलं. हे मला पटतं. प्रत्येक मृत्यूनंतर डॉक्टरला हातकड्या पडणार असतील तर अवघड केस हातात घेणार कोण? आणि हॉस्पिटलच्या काचा फोडणं, ज्युनियर डॉक्टरच्या कानाखाली मारणं, हा तर न्याय नाहीच. महाराष्ट्रात २०१० पासून त्याविरुद्ध स्वतंत्र कायदा आहे. शिवाय ज्याला मार बसतो तो बहुतेक वेळा रात्रभर जागलेला निवासी डॉक्टर असतो. निर्णय घेणारे सर घरी झोपलेले असतात.

मग आपल्यासारख्यांसाठी काय? नुकसानभरपाईचा मार्ग. १९९५ साली सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला, की पैसे घेऊन केलेले उपचार ही 'सेवा' आहे आणि पेशंट ग्राहक. त्यानंतर ग्राहक संरक्षणाचा नवा कायदा आला. २०१९ चा, २०२० पासून लागू झालेला. तेव्हा डॉक्टर आता त्यातून वगळले गेलेत अशी बरीच चर्चा झाली, पण तसं काही झालेलं नाही. २०२२ साली न्यायालयाने तेही स्पष्ट केलं. मात्र सगळ्यांनाच पूर्ण फुकट सेवा देणारं सरकारी हॉस्पिटल ग्राहक कायद्यात येत नाही. तिथे दाद मागायचे रस्ते वेगळे.

तीन हजार रुपये

या विषयावरचा सगळ्यात मूलभूत निकाल आपल्या मातीतला आहे, हे मला माहीत नव्हतं. मे १९५३. रत्नागिरी जिल्ह्यातलं पालशेत. वीस वर्षांच्या आसपासचा एक मुलगा समुद्रकिनाऱ्यावर पडतो, मांडीचं हाड मोडतं. दोनशे मैलांचा टॅक्सीचा प्रवास करून त्याला पुण्यातल्या हॉस्पिटलमध्ये आणतात. तिथे पुरेशी भूल न देता हाड ओढून प्लास्टर केलं जातं आणि त्याच रात्री तो जातो. वडील कोर्टात जातात. खालच्या कोर्टात जिंकतात, उच्च न्यायालयात जिंकतात. डॉक्टर सर्वोच्च न्यायालयात अपील करतात. १९६८ साली तेही फेटाळलं जातं. जोशी विरुद्ध गोडबोले. आजही वैद्यकीय हलगर्जीच्या खटल्यांत त्याचा दाखला दिला जातो. भरपाई किती? तीन हजार रुपये!

दुसरी केस डॉ. कुणाल साहांची. १९९८ साली त्यांची पत्नी अनुराधा अमेरिकेहून कोलकात्याला सुट्टीवर आली होती. अंगावर पुरळ उठलं. स्टेरॉइडचे प्रमाणाबाहेर डोस दिले गेले. शेवटी तिला विमानाने मुंबईला आणलं आणि मुंबईतच ती गेली. २०१३ साली सर्वोच्च न्यायालयाने जवळपास सहा कोटी रुपयांची भरपाई आणि वर व्याज द्यायला सांगितलं. पंधरा वर्षं!

मी दोन्ही केस बाबांना सांगितल्या. त्यांनी विचारलं, 'हे वडील काय करायचे?' मी सांगितलं, 'डॉक्टर होते, दौंडला. आणि साहासुद्धा डॉक्टरच.' बाबा काही बोलले नाहीत, पण त्यांच्या मनात काय आलं ते मला कळलं. देशातल्या दोन सर्वांत गाजलेल्या केस लढवणारे दोघंही स्वतः डॉक्टर. त्यांना कागद वाचता येत होता. कुठल्या ओळीत काय दडलंय ते दिसत होतं. आपण मात्र दीड पानाची समरी घेऊन घरी येतो आणि नशिबाला बोल लावतो. म्हणून फाईल महत्त्वाची. ती हातात आली की आपल्याला येत नसलं तरी वाचणारा कुणीतरी शोधता येतो.

थोड्या वेळाने बाबा म्हणाले, 'तीन हजारांसाठी कुणी एवढी वर्षं लढत नाही.'

सहीचा सौदा

आम्ही आधी हॉस्पिटलला पत्र लिहिलं. बाबांनी स्वतःच्या हाताने, मराठीत. तीनच प्रश्न. बुधवारी रात्री कळवल्यावर कोण बघायला आलं? सोनोग्राफी रविवारपर्यंत का थांबली? 'स्टेबल' कशावरून लिहिलं? पंधरा दिवसांनी बोलावणं आलं. एसी केबिन, कॉफी, गोड बोलणं. 'आम्ही तुमचं पूर्ण बिल परत करतो. फक्त इथे एक सही करा, आमची काही तक्रार नाही म्हणून.' एक लाख बारा हजार रुपये. कमी नव्हते. बाबांनी कागद नीट वाचला आणि विचारलं, 'यात माझ्या प्रश्नांची उत्तरं कुठे आहेत?' केबिनमध्ये शांतता. बाबा नमस्कार करून उठले.

ज्याला आपण पूर्वी ग्राहक मंच म्हणायचो, त्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे आम्ही तक्रार दाखल केलीय. दोन वर्षांची मुदत असते, तारखेकडे लक्ष ठेवावं लागतं. आता आपण राहतो किंवा नोकरी करतो त्या जिल्ह्यातही तक्रार करता येते, ऑनलाइनही करता येते. दिलेलं बिल पाच लाखांपर्यंत असेल तर आयोगाची फी शून्य. वकील केलाच पाहिजे असं नाही, पण अशा केसमध्ये तज्ज्ञ डॉक्टरचं लेखी मत बरोबर असलेलं बरं. डॉक्टरच्या वर्तणुकीबद्दल महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडेही तक्रार करता येते. तिथे भरपाई मिळत नाही, पण प्रॅक्टिसच्या परवान्याचा प्रश्न तिथेच येतो.

आणि कोर्टाच्या पायरीपर्यंत जायची वेळ येऊ नये म्हणून काही गोष्टी अ‍ॅडमिट होतानाच बघून ठेवा. राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाने २०१८ साली रुग्ण हक्कांची सनद तयार केली. महाराष्ट्राने २०२१ साली नर्सिंग होमच्या नियमांत अशी सनद आणली आणि ती दर्शनी भागात लावणं बंधनकारक केलं. दरपत्रकसुद्धा. दुसऱ्या डॉक्टरचा सल्ला घेणं, त्यासाठी रिपोर्ट मिळणं, बिलाचा तपशील मागणं हे सगळं हक्काचं आहे. बिल थकलं म्हणून पेशंटला किंवा मृतदेहाला अडवून ठेवता येत नाही. पहिल्या हॉस्पिटलमध्ये ती सनद होती बरं का. वॉटर कूलरच्या मागे, अर्धी झाकलेली!

बाबांना मी एकदा विचारलं, 'त्या डॉक्टरांचा राग येतो का?' ते म्हणाले, 'कंडक्टर बहुतेक वेळा चोर नसतो गं. गर्दी असते, गडबड असते, एखादं तिकीट राहतं. ते मी समजू शकतो. पण वेबिल कोरं ठेवून वर मलाच दटावलं, तर मी गाडी पुढे सोडायची कशी?'

दर तीन महिन्यांनी आम्ही दुसऱ्या हॉस्पिटलमध्ये चेकअपला जातो. बाबांच्या खिशात आता एक छोटी डायरी असते. त्यात प्रश्न नंबर घालून लिहिलेले. पहिल्यांदा डायरी उघडली तेव्हा आई मला कोपराने ढोसत होती, 'चिडतील गं ते!' डॉक्टर चिडले नाहीत. त्यांनी प्रिस्क्रिप्शनच्या मागच्या कोऱ्या बाजूला यकृत काढलं, पित्तनलिका काढली, स्टेंट कुठे होता तिथे बाण काढला आणि सगळं मराठीत समजावून सांगितलं. सहा-सात मिनिटं लागली असतील. तो कागद बाबांनी पंच करून फाईलला लावलाय. पान नंबर १८५.